मेलातीचा गिअरबॉक्स

सोब्रीचं गावात कुणाशी वाकडं नव्हतं. ज्या एका माणसाशी होतं तो मशिदीमागच्या कबरस्तानात चाफ्याच्या झाडाखाली केव्हाच जाऊन झोपला होता. लुक्मान मास्तर त्यांचं नाव. अख्खं गाव त्यांना चिकगू म्हणायचं, म्हणजे गुरुजी. आणि सोब्रीची बायको झलेहा ही आधी त्यांची बायको होती.

बाईला सवत असते, आणि सवतीवर तोंडसुख घ्यायची तिला थोडीफार मुभाही असते. पुरुषाच्या वाट्याला बायकोचा पहिला नवरा येतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं याला शब्दसुद्धा नाही. त्यातून तो मेलेला, त्यातून मास्तर. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं चिकगूंचं झालं होतं. त्यांनी कुणाला अक्षर वळवून दिलं होतं, कुणाच्या बापाला दारू सोडायला लावली होती, कुणाला आपली सायकल दिली होती. लंगकावी बेटावरच्या त्या खाडीकाठच्या गावात निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. सोब्री धक्क्यावर एखाद्याच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलेला असायचा आणि वरून आवाज यायचा, "काक लेहा बरी आहे ना? आमच्या चिकगूंच्या घरी सगळं ठीक?" काक म्हणजे ताई, आणि लेहा म्हणजे झलेहाच. घर आता सोब्रीचं होतं. त्याचे पत्रे सोब्रीनं बदलले होते. पण गावाच्या तोंडी ते चिकगूंचंच राहिलं.

सोब्री वाईट माणूस नव्हता. पोरवयापासून मासेमारीच्या बोटींवर इंजिनं सांभाळत वाढला, पिनांगच्या फेऱ्यांवर राबला, आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आला आणि तिच्या सेवेत लग्नाचं वय निघून गेलं. आई गेल्यावर तो रोज सकाळी बाजारात झलेहाच्या टपरीवर लाक्सा खायला जाऊ लागला. माशाच्या रश्श्यातल्या त्या शेवया त्याला फारशा आवडत नव्हत्या, पण वर्षभर खाल्ल्या. शेवटी तीच म्हणाली, "बांग, उद्यापासून घरीच जेवत चला, रोज वाडगा धुवायचा माझा ताप तरी वाचेल." बांग म्हणजे दादाही आणि नवराही. तो अर्थ कळायला सोब्रीला दोन दिवस लागले.

लग्नाला तिची अट एकच होती. मेलाती विकायची नाही.

मेलाती ही चिकगूंची शिडाची बोट. कुणी परदेशी माणूस ती तिवरांत टाकून निघून गेला होता. चिकगूंनी ती चिखलातून ओढून काढली आणि शाळा सुटली की तिच्यावर राबून पुन्हा उभी केली. एका डोलकाठीची, लहानशी, पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. ती धक्क्यावरच्या सोब्रीच्या दुरुस्तीच्या कारखान्यासमोरच बांधलेली असायची, म्हणजे दिवसातून शंभरदा डोळ्यांसमोर. तिची शिडं घरात पलंगाखाली गुंडाळून ठेवली होती. सोब्री त्या पलंगावर झोपायचा.

तरी शुक्रवार त्याला आवडायचा. दुपारची नमाज झाली की दोघं मेलाती घेऊन तुबा बेटाकडे मासे धरायला जायची, ती इंजिनावर. शिडाचं सोब्रीला काही कळत नव्हतं; बोट कलली की तो दोन्ही हातांनी कठडा धरायचा. पण इंजिन त्याचं होतं. तो मागे गिअरच्या दांड्याशी बसायचा, झलेहा पुढे गळ टाकून पाठमोरी बसायची, आणि इंजिन टकटकत राहायचं. चिकगू म्हणे खाडीचं तोंड ओलांडलं की इंजिन बंद करून टाकायचे. सोब्रीनं ते एकदाही बंद केलं नाही.

अशाच एका शुक्रवारी परत येताना मेलाती अडली. सोब्रीनं इंजिनाचा वेग वाढवला, आवाज वाढला, पण बोट जागची हलेना. ओहोटी लागलेली, आणि बोट इंजिन चालू असून हळूहळू मागे सरकत होती. झलेहानं नांगर टाकला. सोब्री झाकण उघडून आत शिरला.

असल्या वेळी तो पुढून मागे जात नसे, मागून पुढे येत असे. आधी पाण्यातला पंखा. दोरी किंवा जाळं अडकलं असेल तर पंखा फिरवणारा शाफ्ट हातानं फिरायला जड लागतो. फिरवला, सहज फिरला. मग कपलिंग. शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणारे चारही बोल्ट जागच्या जागी, खाच झिजलेली नाही. गिअरबॉक्सचं तेल स्वच्छ, जळका वास नाही. मग त्यानं झलेहाला दांडा पुढे-मागे करायला सांगितला आणि आतून पाहत राहिला. लगेच दिसलं. गिअरची केबल जिथं पट्टीला धरलेली असते त्या पट्टीचा बोल्ट सैल झाला होता. वर दांडा पूर्ण पुढे गेला तरी खाली गिअर अर्धाच पडत होता. आतला क्लच धड धरत नव्हता, नुसता घसरत होता. पाना लावून घट्ट केलं की काम संपलं.

त्यानं पान्याकडे हात नेला, तेवढ्यात वरून झलेहा म्हणाली, "चिकगू म्हणायचे, आधी आवाज ऐकावा, मग हत्यार उचलावं."

ती सहज बोलली होती. पण सोब्रीचा हात तिथंच थांबला. जन्मभर इंजिनांत घातलेल्या माणसाला इंजिनाबद्दल शहाणपण शिकवायचं, तेही कबरीतून. त्यानं पाना खाली ठेवला. गिअर हातानं रेटून पूर्ण बसवला, तो तसाच दाबून धरला आणि वर न बघता ओरडला, "हळूहळू जाईल. सुकाणू धर तू."

धक्क्याला लागल्यावर तिनं विचारलं, काय झालंय. हात पुसत सोब्री म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. आत सगळं खाऊन गेलंय. असला गिअरबॉक्स आता कुठं मिळत नाही."

"मग?"

"मग काय. बोटीचंही वय झालं, लेहा. कुआहच्या बंदरात गिऱ्हाईक मिळेल एखादं."

झलेहानं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग "हं" म्हणाली आणि माशांची बादली उचलून घराकडे चालू लागली.

त्या दिवसापासून सोब्री वाट पाहत राहिला, की ती कधी म्हणेल, विकून टाका. त्याला वाटत होतं की बोट एकदा गेली की घर आपलं होईल, शुक्रवार आपला होईल, बाई आपली होईल. खोटं बोलल्याची टोचणी होती, पण ती पायात काटा असावा तशी. चालताना लागायची, बसलं की विसरायची.

पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून तो पुरुषांच्या घोळक्यात मशिदीतून बाहेर पडला, तर सगळे खाडीकडे बघत उभे. ईशान्येचं वारं सुटलं होतं. मेलाती धक्क्याजवळ नव्हती. खाडीच्या तोंडाशी एक पांढरं शीड फुगलेलं दिसत होतं, आणि त्याखाली कललेल्या बोटीत सुकाणूचा दांडा काखेत धरून झलेहा एकटी बसली होती. इंजिनाचा आवाज नव्हताच.

कॉफीच्या दुकानात दिवस काढणारा म्हातारा पाक देरामान म्हणाला, "वा! पुष्कळ वर्षांनी दिसलं हे शीड. चिकगूच निघालेत असं वाटतं." मग सोब्रीकडे वळून अगदी मायेनं म्हणाला, "तुला नाही नेलं का रे?"

सोब्री म्हणाला, मला काम आहे. आणि कारखान्यात जाऊन एक धड असलेला पंप त्यानं खोलून पुन्हा जोडला.

ती दिवस कलताना परत आली. शीड उतरवून, बोट नुसत्या वेगावर सरकवत, तिनं ती धक्क्याला अशी लावली की बांधलेल्या टायरनं हूं की चूं केलं नाही. केस सुटलेले, डोक्यावरची ओढणी खाऱ्या पाण्यानं ताठ झालेली, आणि चेहरा असा की सोब्रीनं तो कधी पाहिलाच नव्हता. पंधरा वर्षांनी लहान दिसत होती. हा चेहरा कुणी पाहिला असेल हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुला येतं हे कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"गिअरबॉक्स होता तेव्हा गरज नव्हती," ती म्हणाली.

मग दर शुक्रवारी तेच. पलंगाखालून शिडं बाहेर आली आणि पुन्हा आत गेली नाहीत. ती आता ओटीवर वाळत असायची. जेवताना झलेहा वाऱ्याबद्दल बोलायची. चिकगूंचं नाव ती मुद्दाम घ्यायची नाही, पण नाव न घेतलेल्या जागा सोब्रीला बरोबर ऐकू यायच्या. आणि एके दिवशी एका मासेमारी बोटीचं इंजिन दुरुस्त करताना त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं, की हे आपणच केलं. इंजिन चालू होतं तोवर बोट आपली होती आणि बोटीतली बाईही. इंजिन आपणच मारलं, आणि बायको हातानं उचलून त्या मेलेल्या माणसाच्या शेजारी नेऊन बसवली.

आता दुरुस्त करावं तर कसं? गेलेला गिअरबॉक्स बोल्ट आवळून जिवंत होत नाही. खोटं खरं करायला नवा गिअरबॉक्सच हवा होता.

तो कुआहला आ सेंगच्या दुकानात गेला. आ सेंग जुन्या इंजिनांचे भाग विकायचा. त्याला सगळे तावके म्हणत, म्हणजे शेठ. पिनांगहून एखादा जुना गिअरबॉक्स मागवता येईल, तो म्हणाला, पण आधी तुझा घेऊन ये, बघू, कदाचित नुसता क्लच बदलून भागेल. सोब्री म्हणाला, नको, तो पार गेलाय. आवाज कसला करत होता, तावकेनं विचारलं. आवाज नव्हता करत. तेल काळं पडलं होतं का? नाही. तावकेनं चष्मा कपाळावर चढवला.

"सोब्री, तू माझ्यापेक्षा जास्त गिअरबॉक्स उघडलेत. चांगला गिअरबॉक्स माणूस दोन कारणांनी बदलतो. एक तर तो मूर्ख असतो, नाहीतर दुखणं घरात असतं. तू मूर्ख नाहीस."

"तू मागव, तावके," सोब्री म्हणाला.

गिअरबॉक्स आला. कागदावर तोच, मापं तीच, भोकं तीच. ओहोटीला मेलाती चिखलावर बसली तेव्हा सोब्री तिच्या पोटात शिरून जुना काढायला लागला. आणि तिथं, पालथं पडून, कंदिलाएवढ्या जागेत कोपरं घासत, त्याचा जळफळाट नव्यानं सुरू झाला. कारण काम सुंदर होतं. नळीवरच्या पट्ट्यांचे सगळे स्क्रू हाताला येतील अशा एकाच बाजूला वळवलेले. इंजिनाच्या रबरी पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे, कडा घासून गुळगुळीत केलेले. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून लाल रंगाची एक रेघ, म्हणजे बोल्ट सैल झाला की रेघ तुटलेली दिसावी. केबलच्या पट्टीवरची रेघही तुटलेली होती. घाईत त्या दिवशी त्यानं ती पाहिलीच नव्हती. एक तरी हलगर्जीपणा सापडावा म्हणून सोब्री बोटांनी चाचपत राहिला. पहिला नवरा शिकलेला होता, सज्जन होता, इथवर त्यानं कसंबसं गिळलं होतं. पण हात तरी आपलेच चांगले, एवढा एक मान त्यानं मनात जपून ठेवला होता. तोही गेला.

जुना गिअरबॉक्स त्यानं निळ्या ताडपत्रीत गुंडाळून कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवला आणि नवा बसवला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, म्हणून घाई केली. शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत आहेत की नाहीत हे बोट पाण्यात तरंगत असताना तपासायचं असतं. चिखलावर बसलेल्या बोटीचं अंग थोडं वाकलेलं असतं, आणि तिथं बरोबर वाटलेलं पाण्यात चूक ठरतं. हे त्यानंच कितीतरी जणांना बजावलं होतं. तरी त्यानं चिखलावरच बोल्ट आवळले.

शुक्रवारी भरतीला इंजिन लावलं आणि मेलाती अंगात आल्यासारखी थरथरू लागली. भांडी वाजली. शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथल्या पॅकिंगमधून थेंब थेंब येणारं पाणी धारेनं येऊ लागलं. त्यानं बंद करून कपलिंग सोडलं, दोन तोंडांच्या मधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पातळ पट्टीनं मोजली, वर पट्टी सहज जात होती आणि खाली शिरतच नव्हती. इंजिनाचे पाय उचलले, पत्रे सरकवले, पुन्हा मोजलं. थरथर गेली. मग वेग वाढवला तर इंजिन धापा टाकायला लागलं, मागून काळा धूर. वेग चढेचना. घाम पुसत तो बसला आणि हिशोब त्याच्या लक्षात आला. पेटी तीच होती, पण आतले दाते वेगळे. हा गिअरबॉक्स शाफ्टला जुन्यापेक्षा जास्त वेगानं फिरवत होता, आणि एवढा मोठा पंखा एवढ्या वेगानं फिरवायची त्या बिचाऱ्या इंजिनाची ताकद नव्हती. आता पंखाही बदलायला हवा. एक खोटं बसवायला किती सामान लागतं.

वर झाकणाशी सावली पडली. झलेहा पायऱ्यांवर येऊन बसली. नमाज केव्हाच झाली होती. तो गेलाच नव्हता.

"जुना बसवा," ती म्हणाली.

"जुना गेलाय."

"गेलाय तर खरा. खुराड्यामागं गेलाय. कोंबडी त्याच्यावर अंडं घालून बसली होती काल."

सोब्री हातातली पट्टी बोटांत उलटसुलट करत राहिला.

"केबलची पट्टी सैल होती," झलेहा सांगू लागली. "तुम्ही गिअरबॉक्स गेला म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कुआहला गेलात, तेव्हा मी आत उतरले. बोल्ट आवळला, बोट बांधलेलीच ठेवून गिअर टाकला. दोऱ्या ताठ झाल्या, मागं पाणी उसळलं. गिअरबॉक्स ठणठणीत."

"मग?"

"मग बोल्ट परत सैल केला. तुम्हांला हवा होता ना तसा."

सोब्रीनं पट्टी खाली ठेवली आणि जे तोंडाला आलं ते विचारलं, "तुला बोल्ट कुठला हे कसं कळलं?"

"मीच बसवलाय तो. हे सगळं मीच बसवलंय." तिनं हातानं इंजिनाभोवती एक वळसा घेतला. "चिकगूंचं पोट त्या झाकणातून आत जायचं तरी का? ते वर बसून पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि मी आत. साधा पानाही ते उलटा धरायचे. लाल रेघा माझ्या. नखांना लावायला आणलेला रंग होता, लावायला कधी धीर झाला नाही, इथं संपवला."

सोब्रीनं त्या रेघांकडे पाहिलं. इतके दिवस ज्या हातांवर तो जळत होता ते समोर गुडघ्यांवर होते, लाक्साच्या मिरचीनं भेगाळलेले.

"आणि इतके शुक्रवार तू पुढं पाठ करून बसायचीस," तो म्हणाला.

"तुम्ही इंजिनाशी इतके खुश असायचा. बोलले असते तर तुमचं तोंड पडलं असतं. आता पडलंय तसं."

त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यानं जे कधीच विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारलं. तो जास्त आवडायचा का.

झलेहानं पायरीवर सांडलेलं तेल बोटानं पुसलं. मग ती म्हणाली, "ते देवमाणूस होते. मी बाजारात कुणाशी हसले, कुठं गेले, कधी आले, पुस्तकातून मान वर नाही करायचे. कधी कधी वाटायचं, घरात मी आहे काय आणि फडताळ आहे काय. तुम्ही जळता. मला ते आवडतं असं समजू नका, त्रासच होतो. पण तुम्ही बघता तरी माझ्याकडे." थोडं थांबून ती म्हणाली, "खोटं मात्र पुन्हा बोलू नका. माझ्या बोटीबद्दल तर नाहीच. मी रागानं शीड लावलं पहिल्या दिवशी. नंतर मजा यायला लागली, ती वेगळी गोष्ट."

"तुझ्या बोटीबद्दल," सोब्री म्हणाला.

"माझ्याच. चिकगूंना समुद्र लागायचा."

दोघांनी मिळून जुना गिअरबॉक्स बसवला, बोट पाण्यात असताना. तो इंजिनाचे पाय उचलायचा, ती फटीत पट्टी घालून सांगायची, अजून, अजून, बास. केबलची पट्टी आवळून तिनं नवी रेघ ओढली, या वेळी कारखान्यातल्या निळ्या रंगानं, कारण नखांचा रंग संपला होता. पिनांगचा गिअरबॉक्स तावकेनं परत घेतला आणि एक अक्षर विचारलं नाही.

झलेहाच्या हुकुमावरून सोब्री शीड शिकला. वाईट शिकला. बोट कलली की अजूनही तो दोन्ही हातांनी कठडा धरतो, आणि खाडीचं तोंड ओलांडल्यावर इंजिन बंद झालं की त्याचं तोंड उतरतं. पण गावात मात्र त्यानं एक काम इमानानं केलं. कुणी मेलातीच्या इंजिनाचं कौतुक करून चिकगूंचं नाव काढलं की तो पाना खाली ठेवून सांगायचा, "छे, छे, चिकगूंना पाना सरळ धरता येत नव्हता. ते सगळं लेहाचं काम." मेलेल्या माणसाकडून एक तरी मान काढून घेतल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघड असायचं, की झलेहानं त्याला दोनदा दटावलं. पाक देरामानला आधी खरंच वाटेना. मग त्यानं ते सगळ्या कॉफीच्या दुकानात पसरवलं.

परिणाम असा झाला की नांगर टाकून राहिलेल्या शिडाच्या बोटींवरची माणसं कारखान्यात यायला लागली आणि सोब्रीला ओलांडून आत डोकावत विचारायला लागली, काक लेहा आहे का? आमचा शाफ्ट थरथरतो, तिनं एकदा हात लावून पाहिला असता. लाक्साची टपरी आता ती सकाळपुरतीच लावते. दुपारी कुणाच्या तरी बोटीच्या पोटातून तिचा आवाज येतो, आणि वर उभा राहून सोब्री तिला पाने देतो, एकेक करून, कपाळाला आठ्या घालून. एकदा एक तरणा कोळी तिच्या कामावर खूश होऊन म्हणाला, "काक, तुझ्यासारखे हात बेटावर कुणाचे नाहीत." सोब्री त्या दिवशी जेवला नाही. झलेहानं ताट झाकून ठेवलं, आणि म्हणाली, भूक लागली की उठा म्हणजे झालं, रागाला काय, तो काही गार होत नाही.

उठला तो, थोड्या वेळानं, आणि जेवला.